हात थांबला, मन सुटले

नेदरलँड्समधील एका रुग्णापुढे डॉक्टरांनी ठेवलेला प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात आजही चर्चेला घेतला जातो. साठी ओलांडलेला हा गृहस्थ पार्किन्सन्सने पुरता जखडलेला होता. मेंदूत खोलवर तारा बसवून विजेची सौम्य स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया त्याच्यावर झाली आणि शरीर मोकळे झाले. पुढे मात्र मन उधळले. पैसा हातात टिकेना, कर्ज वाढत गेले, आपण कोणी थोर पुरुष आहोत ही भावना बळावली आणि कोणाचे ऐकणे बंद झाले. औषधांनी फरक पडला नाही. यंत्र बंद केले की माणूस शहाणासुरता, पण अंथरुणाला खिळलेला. सुरू केले की हिंडताफिरता, पण स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ. विजेचे प्रमाण कमीजास्त करूनही मधली वाट सापडेना. शेवटी यंत्र बंद ठेवून, म्हणजे तो पूर्ण भानावर असताना, त्यालाच विचारले गेले : भानावर राहून शुश्रूषागृहातल्या खाटेवर पडून राहायचे, की यंत्र सुरू ठेवून मनोरुग्णालयात दाखल व्हायचे? त्याने मनोरुग्णालय निवडले. हा वृत्तांत डच वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘स्वभावाला औषध नाही’ असे मराठी घरांत बिनदिक्कत म्हटले जाते. इथे तर एक कळ दाबली की स्वभाव बदलत होता आणि पुन्हा दाबली की परत येत होता.

अशी टोकाची उदाहरणे विरळा. जगभरात लाखाहून अधिक लोकांच्या मेंदूत अशा तारा बसल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे हातपाय परत मिळाले आहेत. तेव्हा या प्रसंगाने घाबरून शस्त्रक्रिया टाळण्यात काही अर्थ नाही. मुद्दा आहे तो सांगण्याचा. माणसाचा उतावीळपणा हा उपचाराचा परिणाम असू शकतो, हे रुग्णाच्या घरी आधी कळायला हवे. बहुतेकदा ते कळते तेव्हा बँकेतली ठेव मोडलेली असते.

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, ही शस्त्रक्रिया एका निरीक्षणातून जन्मली. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९८७ मध्ये आलिम-लुई बेनाबिद हे न्यूरोसर्जन हाताचा कंप घालवण्यासाठी मेंदूतला एक छोटा भाग जाळणार होते. तेव्हाची ती रूढ पद्धत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विजेचे ठोके देऊन तपासायचे असे. ठोक्यांचा वेग सेकंदाला शंभराच्या घरात गेला आणि कंप थांबला. वीज काढली की तो परत येई. मग कायमचे जाळायचे तरी कशाला, तारच आत ठेवली तर? इकडे अमेरिकेत मॅहलॉन डिलाँग आणि त्यांचे सहकारी पार्किन्सन्ससारखी लक्षणे असलेल्या माकडांवर काम करत होते. सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचे केंद्र निकामी केले की माकडांचा ताठरपणा ओसरतो, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवले. तीन वर्षांनी ग्रनोबलच्या चमूने माणसाच्या मेंदूत याच केंद्रापर्यंत तार पोचवली. बेनाबिद आणि डिलाँग यांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. भारतात ही शस्त्रक्रिया नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डॉ. परेश दोशी हे या क्षेत्रातले आपल्याकडचे आद्य नाव.

हे केंद्र मेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक असते. आकाराने बदामाहून लहान. पक्षाघाताच्या झटक्यात ते नेमके गेले, तर शरीराच्या उलट बाजूचा हात किंवा पाय आपसूक जोरजोरात फेकला जाऊ लागतो. म्हणजे निरोगी शरीरात ते हालचालींचा ब्रेक म्हणून काम करते. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे रसायन घटते आणि हा ब्रेक करकचून लागतो. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो, चेहरा गोठतो, सहीतली अक्षरे बारीक होत जातात. गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीतून सेकंदाला साधारण १३० स्पंदने या केंद्राला मिळू लागली की ब्रेक सैल होतो.

पण हा ब्रेक काही एकट्या हातापायांचा नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग, जिथे मागचापुढचा विचार होतो, तिथून या केंद्राकडे थेट मज्जातंतू जातात. दोन्ही पर्याय बरे दिसत असतील, निवड अवघड असेल, तेव्हा हा भाग खाली निरोप धाडतो : जरा थांब. ते थांबणे याच केंद्राकडून घडते. डॉक्टर हाताचा ब्रेक सैल करायला जातात, तेव्हा मनाचाही थोडा सैल होणार हे ओघानेच आले.

हे नुसते तर्काने म्हटलेले नाही. मायकल फ्रँक या मेंदुवैज्ञानिकाने ॲरिझोनातील सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग ‘सायन्स’मध्ये २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग साधा होता. पडद्यावर जपानी लिपीतली दोन-दोन अक्षरे दाखवायची आणि एक निवडायला सांगायचे. एक अक्षर दहापैकी आठ वेळा बरोबर ठरे, दुसरे सात वेळा, तिसरे सहा वेळा; त्यांच्या जोडीदारांना तितकेच कमी यश. सरावाने कोणते अक्षर चांगले, कोणते वाईट हे लोकांच्या अंगवळणी पडे. मग जोड्या बदलल्या गेल्या. चांगले आणि वाईट समोर आले तर विचार करावा लागत नाही. पण आठ वेळा जिंकणारे आणि सात वेळा जिंकणारे शेजारी आले की निरोगी माणूस अडखळतो, क्षणभर जास्त वेळ घेतो. यंत्र बंद असलेले पार्किन्सन्सचे रुग्णही तसेच अडखळत. यंत्र सुरू केले की ते अडखळणे नाहीसे व्हायचे, इतकेच नव्हे तर अवघड निवड ते अधिकच झटपट करायचे. आणि ही घाई जास्त करून चुकीच्या अक्षरावर बोट ठेवताना दिसे.

चार वर्षांनी याच गटातल्या संशोधकांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून कपाळामागच्या लहरी मोजल्या. यंत्र बंद असताना लहर जितकी मोठी, तितका रुग्ण अवघड निवडीला जास्त वेळ देई. यंत्र सुरू असताना हे नाते उलटे झाले. वरून ‘थांब’ हा निरोप सुटत होता, पण खाली तो ऐकला जात नव्हता.

इथे एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेतली घाई ही सेकंदाच्या काही अंशांची असते. अक्षरांच्या खेळात घाई करणारा प्रत्येक माणूस घर गहाण टाकायला निघतो असे नाही, आणि ‘यंत्राने माणूस बेताल होतो’ असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांनी त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग वाचावा. त्यात रुग्णांचा आणखी एक गट होता, यंत्र नसलेला, फक्त गोळ्या घेणारा. त्यांच्यात गोळ्यांमुळे अडखळण्यावर परिणाम झाला नाही. बिघडले ते वेगळेच : गोळ्या चालू असताना हे रुग्ण हरण्यातून शिकेनासे झाले. जिंकलेले लक्षात राही, हरलेले मनाला लागतच नसे. यंत्राची घाई एका वाटेने येते, गोळीची दुसऱ्या, आणि घरच्यांना मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

गोळीची वाट जास्त वर्दळीची आहे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही नावे पार्किन्सन्सच्या घरांत रोजच्या बोलण्यातली. ही औषधे डोपामिनची नक्कल करतात. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे किंवा अनावर कामेच्छा यांपैकी काही ना काही १३.६ टक्के रुग्णांत आढळले. या गटातली औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९. फ्रान्समधील एका रुग्णाने रोपिनिरोल घेत असताना इंटरनेटवरच्या जुगारात बचत घालवली, औषध थांबवल्यावर ती ओढ गेली. आधी कोणी सावध केले नव्हते म्हणून तो औषध कंपनीविरुद्ध न्यायालयात गेला. रेन्न येथील अपील न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला सुमारे दोन लाख युरोंची भरपाई दिली.

आणि आता या गोष्टीतला चकवा. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात. ग्रनोबलच्याच डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये सांगितले की गोळ्या उतरवल्यावर जुगाराची आणि खरेदीची ओढ बहुतेकांत ओसरली. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेवर उतावीळपणाचा आरोप, तीच अनेकांना त्यातून सोडवते. त्याच पाहणीत काही रुग्ण उलट्या टोकाला गेले. कशातच रस नाही, उठावेसे वाटत नाही. गोळ्यांनी दिलेली उमेद गोळ्यांबरोबर गेली. सल्ला देणारा डॉक्टर या दोन कड्यांमधल्या वाटेवरून चालत असतो, आणि तो जर दहा मिनिटांच्या भेटीत ‘काही त्रास होणार नाही’ म्हणत असेल, तर तो रुग्णाला फसवत नसला तरी अर्धेच सांगत असतो.

तार किती खोल पोचू शकते याचा एक हलकाफुलका दाखला ॲमस्टरडॅमचा आहे. तिथे मंत्रचळाच्या एका रुग्णाला न्यूक्लियस अॅकम्बन्स या वेगळ्या केंद्रात वीज देण्यात आली. आजार सुधारलाच, शिवाय या गृहस्थांना आयुष्यात कधी विशेष न आवडलेल्या जॉनी कॅश या अमेरिकी गायकाचे वेड लागले. यंत्राची बॅटरी उतरली की ते पुन्हा आपल्या जुन्या आवडीच्या गाण्यांकडे वळत. आवडनिवड म्हणजे आपले अगदी खासगी सामान, असे मानणाऱ्यांना हे थोडे बोचेल.

कवटी न उघडता मेंदूला हात लावण्याचीही एक तऱ्हा आहे. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये चुंबकीय स्पंदनांनी बाहेरूनच मेंदू उत्तेजित करून दाखवला. ठरावीक संथ लयीत ही स्पंदने दिली तर खालचा भाग थोडा वेळ मंदावतो. झुरिकमधील डारिया क्नोख आणि सहकाऱ्यांनी उजव्या कपाळामागचा भाग असा मंदावला, तेव्हा निरोगी तरुण जास्त धोका पत्करू लागले. दुसऱ्या खेळात २० फ्रँकपैकी फक्त ४ देऊ करणारा प्रस्ताव आला. ‘हा अन्याय आहे’ असे ते म्हणत, आणि तरीही पैसे घेत. कोलंबिया विद्यापीठात बेर्न्ड फिग्नर आणि सहकाऱ्यांनी डावी बाजू मंदावली. लोक नंतर मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा आज मिळणारी छोटी रक्कम अधिक वेळा निवडू लागले. मोठी रक्कम किती चांगली, हे विचारले तर उत्तरात फरक नव्हता. कळत होते, वळत नव्हते. थोड्या वेळाने परिणाम ओसरला.

कळणे आणि आवरणे ही मेंदूत दोन वेगळी कामे आहेत, हे या प्रयोगांचे खरे फलित. आपल्याकडे मात्र कोणी उतावीळपणा केला की ‘एवढेही कळत नाही का?’ हाच प्रश्न. कळते हो. अडते ते पुढच्या पायरीवर.

यावरून लगेच ‘मग बाहेरून वीज देऊन संयम वाढवता येईल’ असे म्हणणारा बाजार उभा राहिलाच. डोक्याला पट्टा बांधायचा, एक-दोन मिलिॲम्पियरचा मंद प्रवाह सोडायचा आणि एकाग्रता, निग्रह, स्मरणशक्ती यांची हमी द्यायची. काही हौशी लोक नऊ व्होल्टची बॅटरी आणि ओले स्पंज घेऊन घरीच प्रयोग करतात. न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने मृतदेहांवर मोजमाप केले, तेव्हा अशा प्रवाहाचा बहुतांश भाग त्वचेत आणि कवटीतच अडतो, मेंदूपर्यंत फारसा पोचत नाही असे दिसले. २०१५ मधील एका मोठ्या फेरआढाव्यात एका बैठकीतल्या अशा विजेचा विचारशक्तीवर खात्रीलायक परिणाम सापडला नाही. घरगुती प्रयोग करणाऱ्यांना सावध करणारे जाहीर पत्र २०१६ मध्ये या क्षेत्रातल्याच ३९ संशोधकांच्या सहीने आले होते. संशोधकच थांबा म्हणत असताना दुकानदार पुढे या म्हणतो, तेव्हा कोणाचे ऐकायचे हे सांगायला नको.

चुंबकीय उपचारांची गोष्ट अर्थात वेगळी. अमेरिकेत नैराश्यासाठी २००८ पासून आणि धूम्रपान सोडवण्यासाठी २०२० पासून त्यांना मान्यता आहे. धूम्रपानाच्या चाचणीत खऱ्या उपचाराने १९.४ टक्के लोक अठराव्या आठवड्यापर्यंत सिगारेटविना राहिले, खोट्या उपचाराने ८.७ टक्के. दुप्पट, हे खरे. पण पाचांपैकी चार जणांची सिगारेट सुटली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. ‘व्यसनमुक्तीची हमी’ असा फलक लावणाऱ्या केंद्राला हा आकडा जरूर विचारावा.

पुन्हा पार्किन्सन्सकडे येऊ, कारण जबाबदारीचा प्रश्न तिथे खरा आहे. आपल्याकडच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९६ नुसार मानसिक आजारावर उपचार म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी, दोन्ही लागतात. पार्किन्सन्स हा मानसिक आजार नाही, त्यामुळे तिथे मंडळाचा संबंध येत नाही. मंडळ नसावे हेच बरोबर. हालचाल हरवलेल्या माणसाला सरकारी शिक्क्यासाठी तिष्ठत ठेवणे क्रूरपणाचे होईल. पण तीच तार, तोच मेंदू. निर्णयशक्तीवर परिणाम होण्याची शक्यता सांगण्याची शिस्त एका रुग्णासाठी कायद्याने आणि दुसऱ्यासाठी डॉक्टरच्या मर्जीवर, हे पटणारे नाही. प्रत्येक डीबीएस केंद्राने शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाची एक भेट सक्तीची करावी आणि त्या भेटीत घरातल्या एका तरी माणसाला बोलवावे. जिथे हे होते तिथे अभिनंदन. पण ते केंद्राच्या सवयीवर सोडू नये.

त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आगाऊ निर्देशाची सोय आहे. पुढे मानसिक आजार झाला आणि स्वतःला ठरवता आले नाही, तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे माणूस भानावर असतानाच लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकतो. डच डॉक्टरांना हा प्रश्न यंत्र बंद करून ऐनवेळी विचारावा लागला. डीबीएसच्या तयारीत एमआरआय, रक्ततपासण्या, विम्याचे कागद यांच्या जोडीला हा एक कागद ठेवायला फार तर अर्धा दिवस लागेल.

एवढे सगळे सांगितले तर लोक शस्त्रक्रियेलाच घाबरतील, असा आक्षेप येतो. तो टिकत नाही, कारण सांगायला चांगलेही पुष्कळ आहे. जर्मनी आणि फ्रान्समधील २५१ रुग्णांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तुलनेने लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या जीवनमानात दोन वर्षांत २६ टक्के सुधारणा झाली. केवळ औषधांवर असलेल्यांत सुधारणा दिसली नाही. एवढा फायदा समोर असताना मोठी माणसे धोकाही समजून घेऊ शकतात. लपवल्याने मात्र नुकसान होते. ५५ केंद्रांतल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर आत्महत्या करणारे ०.४५ टक्के होते. धोका पहिल्या वर्षी सर्वाधिक, आणि ज्यांना आवेग आवरण्याचा त्रास आधी होता त्यांनी तसे प्रयत्न करण्याची शक्यता जास्त. या माणसांवर लक्ष ठेवता येते, पण आधी ती ओळखावी लागतात.

ओळखायचे कोणी? बहुतेकदा घरच्यांनीच. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकराला सगळ्यात आधी दिसते की बाबांनी तीन सारखे मिक्सर मागवले, रात्री दोनला मोबाइलवर शेअरचे व्यवहार चालू आहेत, किंवा आईला नको त्या वेळी नको तितका त्रास होतो आहे. शेवटची गोष्ट तर डॉक्टरांसमोर कोणी काढतच नाही. या वयात हे काय सुचते म्हणून रुग्ण लाजतो, आपणच काही केले असे वाटून बायको गप्प बसते, आणि मुलांच्या कानावर ते येत नाही. आजाराचे किंवा उपचाराचे लक्षण म्हणून हे कोणी आधीच सांगितले असते, तर त्या तिघांनाही तोंड उघडायला जागा मिळाली असती.

म्हणून घरात पार्किन्सन्सचा रुग्ण असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारावे : या गोळीने किंवा या शस्त्रक्रियेने खर्च, जुगार, खाणे, कामेच्छा यांत बदल होऊ शकतो का, आणि झाला तर कोणाला फोन करायचा? असा बदल दिसला तर रुग्णाला बोल लावू नयेत, तारखेसह लिहून ठेवावे आणि दाखवावे. मोठ्या रकमेच्या खात्यावर काही महिने दोन सह्या ठेवाव्यात, रुग्णाशी बोलून आणि त्याच्या संमतीनेच. गोळी मात्र घाबरून स्वतःहून बंद करू नये. या गटातली औषधे एकदम थांबवली तर घबराट, घाम, नैराश्य असा मोठा त्रास होऊ शकतो. मात्रा डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने उतरवायची असते.